अपराधीपणाचा हप्ता

२९ तारीख

पगाराला दोन दिवस आहेत. कर्जात असलेल्या घरात महिन्याचे हे दोन दिवस सगळ्यात जड जातात. खात्यात चार-पाचशे रुपये असतात आणि डोक्यात एकच वाक्य फिरत असतं: "आपणच केलंय, आता भोगा." हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हटलं तरी थकबाकीतला रुपया कमी होत नाही. उलट वाढतो, आणि कसा वाढतो ते नेमकं दाखवता येतं.

स्वतःला दोष देणारा माणूस स्टेटमेंट उघडत नाही, म्हणून देय तारीख चुकते. जो सगळ्यात जास्त लाज काढतो त्याचे पैसे तो आधी देतो, मग त्या पैशावर व्याज असो वा नसो. घरात कळू नये म्हणून जुन्या हप्त्यासाठी नवं ॲप-कर्ज काढतो. पगाराच्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून होतं नव्हतं ते सगळं भरून टाकतो आणि २० तारखेला किराण्यासाठी पुन्हा तेच कार्ड घासतो. ह्या चारही चुका हिशेबाच्या दिसतात, पण त्यांचं मूळ मान खाली घालण्यात असतं.

१ तारीख

आज वही. शंभर पानी, साधी. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण कागदावरचा आकडा बोट ठेवून वाचता येतो.

पहिल्या पानावर सहा रकाने आखायचे: कोणाचं, मूळ किती घेतलं, आज बाकी किती, वर्षाचा व्याजदर, हप्ता व तारीख, आणि चुकला तर काय होईल. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे. तारण आहे का, जामीनदार आहे का, चेक दिलेत का, नॅच मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) आहे का, हे त्यात येतं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार असला तर तुमच्याइतकाच तोही बांधलेला असतो आणि वसुली त्याच्या पगारापर्यंत जाऊ शकते. ते कर्ज व्याजाने स्वस्त असलं तरी तो हप्ता चुकवायचा नाही.

व्याजदर सगळीकडे वर्षाचाच लिहायचा. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. "फ्लॅट १० टक्के" असं सांगून दिलेलं कर्ज तर नीट तपासावं. १ लाख रुपये, ३ वर्षं, फ्लॅट १० टक्के: एकूण १,३०,००० परत, म्हणजे महिन्याला सुमारे ३,६११. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर जवळपास १८ टक्के पडतो, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर चालतं. दुकानात उभं राहून हे कोणाला तोंडी करता येत नाही. १० टक्के ऐकून १० टक्के समजणं म्हणजे मूर्खपणा नव्हे.

दुसऱ्या पानावर मागच्या २४ महिन्यांची स्टेटमेंटं घेऊन प्रत्येक नोंद एका ढिगात टाकायची. दवाखाना. फी. पगार थांबला होता तेव्हाचा किराणा. लग्नकार्य. हौस. आणि शेवटचा ढीग: व्याज, दंड, जीएसटी. हौसेचा आकडा लपवायचा नाही, कमीही सांगायचा नाही. सत्तर हजारांचा फोन हौस असेल तर हौस लिहायचं. जबाबदारी घ्यायची तर ती आकड्याएवढी घ्यावी. आकडा ठाऊक नसतो तेव्हा माणूस संपूर्ण कर्जच स्वतःच्या चारित्र्याच्या खात्यात टाकून मोकळा होतो. प्रत्येक मोठ्या नोंदीपुढे एक ओळ लिहावी: त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं, आणि दुसरा कुठला मार्ग हातात होता. आईला ॲडमिट केलं त्या रात्रीच्या नोंदीपुढे बहुधा काहीच लिहायला सुचत नाही. ती जागा तशीच कोरी ठेवावी.

२ तारीख

कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. सगळा घोटाळा दुसऱ्या आकड्याचा.

बाकी ६०,००० धरू. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे व्याज २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. दोन्ही मिळून २,४७८. किमान देय ५ टक्के धरलं तर ३,००० भरायचे. भरले. मुद्दलातून गेले ५२२. पुढच्या महिन्यात बाकी किंचित कमी, म्हणून किमान देयही किंचित कमी, आणि माणसाला वाटतं आपण वेळेवर फेडतोय. या चालीने, नवी खरेदी एक रुपयाचीही केली नाही तरी ६० चे ३० हजार व्हायला साडेसहा वर्षांच्या वर लागतात.

आता किमान देयाकडे न बघता दर महिन्याला ठाम ३,००० भरत राहिलं तर तीच बाकी ४३-४४ महिन्यांत संपते. एकूण भरणा १ लाख ३० हजारांच्या आसपास. आणि बँकेकडून १५ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज मिळालं, ३६ महिन्यांचं, तर हप्ता साधारण २,०८० आणि एकूण भरणा पंचाहत्तर हजारांच्या आत. माणूस तोच, पगार तोच, चुकाही त्याच. फरक फक्त कागदाचा.

पण हा बदल करताना दोन गोष्टी बिघडतात. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी हिशेबात धरलेला नसतो. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते: कार्ड रिकामं झालं की त्याची मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि सहा महिन्यांत दोन्ही कर्जं शेजारी-शेजारी उभी राहतात. म्हणून कार्ड बंद करायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. बाकी शून्य असेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेवर बसतो.

आणखी एक. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दूध-भाजीवरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज. हे ज्यांना माहीत नसतं ते कार्ड "फक्त किराण्याला" वापरतात.

४ तारीख

क्रम. व्याज जास्त ते आधी, हा नियम बरोबर आहे. मात्र एखादं कर्ज दोन-तीन महिन्यांत संपण्याइतकं लहान असेल तर ते आधी उडवावं. एक हप्ता, एक तारीख आणि एक फोन कमी होतो. डोक्याला तेवढीच मोकळीक.

त्याआधी ५,००० वेगळ्या खात्यात. कर्ज असताना शिल्लक ठेवायची म्हणजे काहींना चोरी केल्यासारखं वाटतं. पण गाडीचा टायर, मुलाचा ताप, मिक्सरची मोटर, ह्या गोष्टी कर्ज फिटायची वाट बघत नाहीत. हे पाच हजार नसले की पुन्हा कार्ड. दिवाळीही अचानक येत नाही, कॅलेंडरात छापलेली असते. ६,००० लागणार असतील तर महिन्याला ५०० आत्तापासून.

आणि चहा बंद करू नये. १५ रुपयांचे दोन चहा म्हणजे महिन्याचे ९००. वरच्या कार्डाचं एका महिन्याचं व्याज जीएसटीसह २,४७८. आधी कुठल्या आकड्याला हात घालायचा ते उघड आहे. स्वतःला शिक्षा म्हणून केलेलं बजेट गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

हप्त्याची तारीख पगाराच्या आधी येत असेल तर तारीख बदलून मागावी, लेखी. नॅच परत गेला की आपली बँकही पैसे कापते आणि कर्ज देणाराही, वर जीएसटी. कार्डाच्या बाबतीत देय तारखेनंतर ३ दिवसांत भरलं तर लेट फी लावता येत नाही, व्याज मात्र चालू राहतं.

७ तारीख

हातउसने. बिनव्याजी, पण सगळ्यात जास्त टोचणारे. लग्नाला जायचं टाळलं जातं, फोन उचलला जात नाही, आणि शेवटी पैशापेक्षा न बोलण्यानेच संबंध बिघडतात. लोक कार्ड थकवून आधी मामाचे पैसे देतात. भावना कळते, हिशेब चुकतो.

मामांना फोन करायचा आणि नंतर तेच लिहून पाठवायचं: "मामा, तुमचे ४०,००० माझ्याकडे आहेत. कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागतंय म्हणून ते आधी संपवतोय. तुम्हाला दर ७ तारखेला २,००० पाठवीन. २० महिने लागतील. मध्ये तुम्हाला अडचण आली तर सांगा, त्या महिन्यात जास्त पाठवीन." माफीची दोन पानं लिहू नयेत, समोरच्यावर आपलं सांत्वन करायची वेळ येते. पहिले २,००० वेळेवर गेले की मामांच्या घरात चहा पुन्हा पूर्वीसारखा मिळतो.

११ तारीख

वसुलीचे फोन. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकीत हप्त्यासाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा ऑफिसात सांगून बदनामी, हेही बसत नाही. "लाज नाही वाटत का, बायकोच्या जिवावर जगता?" हे वाक्य रागाच्या भरात सुटलेलं नसतं. हाताशी तारण नसलं की लाज हेच तारण धरलं जातं. आपण रात्रभर स्वतःला तेच ऐकवत असलो तर एजंटचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

उत्तर ठरवून ठेवावं आणि वहीतून वाचावं: "तुमचं नाव, एजन्सी आणि ओळखपत्राचा नंबर सांगा. या महिन्यात मी ३,००० भरू शकतो, १५ तारखेला, थेट कर्जखात्यात. बाकी बोलणं ईमेलवर." वेळ आणि नाव टिपायचं. रोख पैसे एजंटच्या हातात द्यायचे नाहीत. त्रास थांबला नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर. फी नाही. माहितीसाठी १४४४८.

तुरुंगाची भीती घातली जाते तिथे थोडं थांबावं. पैसे नसल्यामुळे कर्ज थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. चेक न वटणं वेगळं: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरायची असते. परत गेलेल्या नॅचलाही २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ तसंच लागू होतं. म्हणून कुठलीही नोटीस न उघडता कपाटात टाकायची नाही.

फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं कर्ज-ॲप नियमाबाहेर आहे. तिथून बदनामीची धमकी आली तर सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन, आणि स्क्रीनशॉट ठेवायचे.

१४ तारीख

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, तोच हंगाम. ऊस तुटायच्या आधी हात तंग असताना आणि पैसे मिळाल्यावर, अशा दोन वेळा त्यांना विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या. आधीच्या वेळी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. बुद्धी तीच, पण तिच्यावर ओझं होतं. आपल्याकडे उसाचं बिल अडकलेल्या घरात कोणी काय निर्णय घेतले याची चर्चा पारावर होते, तेव्हा हे कोणाला आठवत नाही.

म्हणून मोठा निर्णय, म्हणजे जमीन विकणं, नवं कर्ज, सेटलमेंट (कमी रकमेत कर्ज मिटवणं), हा महिनाअखेरीला घ्यायचा नाही. ५ ते १० तारखेच्या दरम्यान घ्यावा.

झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वही बाजूला. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

१९ तारीख

सावकार. परवाना नसलेला असेल तर व्यवहारच बेकायदेशीर. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. अडचण पुराव्याची. कोरे चेक आणि सही केलेला स्टॅम्प त्याच्याकडे, आपल्याकडे काहीच नाही. आजपासून एक रुपयाही रोख देऊ नये. यूपीआयने द्यावा म्हणजे तारीख राहते. आधी दिलेल्या रोख रकमा आठवतील तशा तारखेसह वहीत.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण ते कर्ज घेणाऱ्याच्या बाजूला नव्हते. खतं बुडवायची सोय ज्याच्या हातात कागद त्यालाच.

२३ तारीख

सेटलमेंट. ८०,००० चे ४५,००० करून मिटवू, असा फोन येतो आणि सुटल्यासारखं वाटतं. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, त्या खात्यापुढे "सेटल्ड" लागतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढची कर्जं त्यावर अडतात. फेडणं खरंच अशक्य असेल तर सेटलमेंट करावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र: रक्कम, शेवटची तारीख, उरलेली रक्कम माफ केल्याचा उल्लेख. पत्र हातात येण्याआधी पैसे भरले तर ते नुसता एक हप्ता म्हणून जमा होतात आणि उरलेल्या रकमेसाठी पुढच्या महिन्यात दुसराच एजंट फोन करतो.

२८ तारीख

वहीत मागच्या महिन्याची बाकी आणि या महिन्याची बाकी शेजारी लिहायची. ३,२०० ने कमी. एवढंच.

कर्ज पूर्ण फिटलं की ना-देय दाखला घ्यायचा, नॅच मॅन्डेट रद्द करायचा, दिलेले कोरे चेक परत मागायचे. दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट तपासायचा. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. खातं अजून चालू दिसत असेल तर लेखी तक्रार.

गहाण दागिने सोडवताना गहाण ठेवल्याची मूळ पावती न्यायची. काउंटरवर वजन करून घ्यायचं, पावतीवरच्या ग्रॅमशी ताडायचं, आणि तोपर्यंत सही करायची नाही. मागे रांग असेल, कोणी ओळखीचं असेल. असू दे. काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं.