आठ-बिटमधला भूप : आठवडा सहावा

भूप रागातला लूप, म्हणजे संपला की थेट पहिल्यापासून सुरू होणारा संगीताचा तुकडा, अखेर जुळला. तीनदा मोडला, चौथ्यांदा बांधला. परवा रात्री तासभर लावून ठेवला, तर तो संपून पुन्हा कधी सुरू होतो ते मलासुद्धा कळलं नाही. फार आनंद झाला.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी सीए इंटरचा अभ्यास करते आणि उरलेल्या वेळात फॅमिट्रॅकरवर (जुन्या व्हिडिओ गेमसारखं संगीत बांधायचा प्रोग्राम) आठ-बिट लूप बांधते. माझा मामेभाऊ यंदा बारावीला आहे. गेमचं संगीत लावलं की अभ्यासात मन लागतं, असं तो छातीठोकपणे सांगतो. मामीला ते पटत नाही. म्हणून ठरवलं की लूप आपणच बांधायचा आणि दोघांनी सहा आठवडे लावून बघायचा.

आधी जोडाबद्दल, म्हणजे लूपचा शेवट सुरुवातीला मिळतो त्या जागेबद्दल. तिथे खटकून दर दीड मिनिटाने माझी मान वर होते, असं मागे लिहिलं होतं. त्याची दोन कारणं निघाली. पहिलं कारण फाईलमध्ये होतं. एमपी-३ करताना एन्कोडर (फाईल दाबून लहान करणारा प्रोग्राम) सुरुवातीला आणि शेवटी शांततेची बारीकशी पट्टी चिकटवतो. एकदाच ऐकताना ती कळत नाही, पण तीच फाईल गोल फिरवली की दर फेरीला ठेच लागते. ऑग व्हॉर्बिस या दुसऱ्या फाईल-प्रकारात साठवलं आणि ठेच गेली.

दुसरं कारण चालीतच होतं. मी शेवट छान ठेहरावाने सा वर केला होता, त्यामुळे कानाला वाटायचं, संपलं. मग तबल्याचा ठेका आठवला. तिथे आवर्तन संपत नाही, समेवर येतं. शेवटच्या मात्रेतच पुढच्या समेची ओढ असते. म्हणून शेवट प वर मोकळा सोडला आणि पहिल्या मात्रेच्या सा ला सम मानलं. टेंपो ८५, चार मात्रांची ३२ आवर्तनं. आता चाल स्वतःच्याच शेपटाला सहज धरते.

भूप का घेतला, असं एकाने विचारलं होतं. भूपात म आणि नि नाहीत, त्यामुळे शेजारच्या दोन स्वरांत अर्ध्या सुराचं अंतर कुठेच येत नाही. नि ऐकला की कान सा ची वाट बघत बसतो. अभ्यास करताना कानाने कशाचीच वाट बघू नये, एवढंच मला हवं होतं.

आवाजाचंही थोडं सांगते. फॅमिट्रॅकर ज्याची नक्कल करतो त्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या गेमयंत्राच्या चिपमध्ये पाच चॅनेल, म्हणजे पाच आवाज : दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज (नुसती खरखर) आणि एक ध्वनीचे नमुने वाजवणारा. पल्सची ड्यूटी (लहर प्रत्येक फेरीत किती वेळ वर राहते ते प्रमाण) १२.५ टक्के ठेवली की सूर चिरका आणि टोचरा येतो. ५० टक्के केली की पोकळ, बासरीकडे झुकणारा. मी सगळीकडे व्ही०० (१२.५ टक्क्यांची खूण) काढून व्ही०२ (५० टक्क्यांची) घातलं. ट्रँगलला आवाज कमीजास्त करायची सोयच नाही, तो एक तर वाजतो नाहीतर गप्प. ही मर्यादा इथे वरदान ठरली, कारण खालचा सा-प तंबोऱ्यासारखा एकसारखा राहिला. नॉइज पूर्ण काढला.

आता मुख्य प्रश्न : मन लागलं का?

आम्ही दोघं वहीच्या मार्जिनमध्ये लक्ष उडालं की एक रेघ मारत होतो. संध्याकाळी सात ते नऊ शेजारी टीव्हीवर मालिका चालतात. त्या वेळात कॉस्टिंगची गणितं करताना पाऊण तासात माझ्या नऊ-दहा रेघा व्हायच्या. लूप लावल्यावर चार-पाच. मामेभावाचं इंटिग्रेशनचंही असंच. पण पहाटे पाचला घर शांत असताना लूपने काहीच फरक पडला नाही. आणि कायद्यातल्या व्याख्या पाठ करताना तर तो आड आला. मामेभावाला रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया तोंडपाठ करताना हाच अनुभव.

हे जुन्या संशोधनाशी चांगलं जुळतं. कॉली आणि वेल्श यांनी १९७६ मध्ये दाखवलं की कानावर परक्या भाषेतलं बोलणं पडत असलं, तरी वाचलेल्या अक्षरांची ओळ क्रमाने आठवणं बिघडतं. अर्थ कळायचीही गरज नाही. पुढे असंही दिसलं की एकच आवाज पुन्हा पुन्हा आला तर त्रास कमी, बदलत राहिला तर जास्त. संगीतही त्यातून सुटत नाही. पेरहॅम आणि विझार्ड यांच्या २०११ च्या प्रयोगात आवडतं आणि नावडतं, दोन्ही संगीत पाठांतराला सारखंच बाधलं. मामेभावाला हे वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता.

माझं मत आता असं झालंय : लूप डोकं तेज करत नाही, तो बोलण्यावर पडदा टाकतो. पलीकडे बोलणं असेल तर पडदा कामाचा. नसेल तर कशाला? आणि पाठांतराला शांतताच हवी.

गेमचं संगीत एका बाबतीत खरंच वेगळं आहे. हात आणि डोळे दुसऱ्या कामात असलेल्या माणसासाठी ते बांधलेलं असतं. पण प्रत्येक तुकडा शांत ठेवण्यासाठी नसतो. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू खाली येतात तसे मागे वाजणारे चार सूर वेगाने वाजू लागतात. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वेळ शंभराच्या खाली गेला की चाल धावायला लागते. ते घाई करायलाच लावतात. त्यामुळे लढाईचे तुकडे अभ्यासाच्या यादीत घालू नका, भटकंतीचे किंवा विसाव्याचे निवडा.

लढाईच्या तुकड्यांना आम्ही दुसरी जागा दिली आहे. १९९३ च्या गाजलेल्या प्रयोगात मोझार्टचं संगीत ऐकल्यावर विद्यार्थ्यांना एका बुद्धिचाचणीत थोडा वेळ जास्त गुण मिळाले होते. पण ते संगीत चाचणीच्या आधी ऐकवलं होतं, चाचणी चालू असताना नाही. नंतर २००१ मध्ये थॉम्पसन, शेलनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवलं की तो परिणाम मूड आणि तरतरीचा होता. म्हणून मामेभाऊ आता दुपारी जेवणानंतर एक धावता तुकडा ऐकतो, हेडफोन काढून ठेवतो आणि मग पुस्तक उघडतो. दुपारची पेंग बरीच कमी झाली आहे. मामीही आता काही म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात माइनक्राफ्ट या गेमची पद्धत घेऊन बघणार आहे. त्यात दोन तुकड्यांच्या मध्ये कित्येक मिनिटं संगीतच नसतं. पूर्ण लूपच्या चार फेऱ्या, मग सहा मिनिटं काही नाही, असं लावेन. शांततेत मालिकेचे संवाद परत ऐकू येतील का, हीच धास्ती आहे. रेघा मोजायला वहीचं नवं पान आखून ठेवलं आहे. कोणाला फाईल हवी असेल तर ऑगमध्येच देईन, एमपी-३ मागू नका.