आठव्या पानाचं जोडपान

जुलै महिना म्हणजे आमच्या पुस्तकबांधणीच्या धंद्याची लग्नसराई. शाळा-कॉलेजं उघडलेली असतात, इंदूरच्या खजुरी बाजारात पुस्तकं घेणाऱ्यांची रेटारेटी असते आणि आमच्या बोळापर्यंत रजिस्टरांचे, हजेरीबुकांचे, जुन्या गाइडांचे गठ्ठे येऊन पडतात. अशा दिवसांत कुणी आजोबांची पोथी किंवा घराण्याची वंशावळ बांधायला आणली, की मी सरळ ‘ऑगस्टात या’ म्हणून मोकळा होतो. त्या सोमवारीही तसंच म्हणणार होतो. पण ई-रिक्षातून उतरल्या त्या आमच्या बाई. पाचवीत मराठी आणि गणित शिकवणाऱ्या. चोपन्नाव्या वर्षी, हाताला खळ लागलेली असताना, मी स्टुलावरून ताडकन उभा राहिलो.

“उभा काय राहतोस? पिशवी घे आधी. जड आहे.”

पिशवीत इंद्रजाल कॉमिक्सचे एकेचाळीस अंक होते. बारा मराठी, बाकीचे हिंदी. माझ्याकडे काम करणाऱ्या पोऱ्याने वरचा उचलला आणि म्हणाला, “भिया, ये तो वेताल है.” त्याच्या तोंडी ‘ळ’ बसत नाही. जंगलात राहणारा, मुखवटा घालणारा हा गोरा नायक आमच्या घरी वेताळ आणि गल्लीत वेताल. लहानपणी मला ही दोन वेगळी माणसं वाटत.

अंकांची अवस्था आमच्या धंद्यात असते तशीच. कडा तपकिरी, कोपरे कुरतडलेले, मधल्या पिना गंजून कागदाला भोकं पडलेली, आणि कुणीतरी प्रेमापोटी लावलेला सेलोटेप. सेलोटेपने जितकी पुस्तकं मारली तितकी वाळवीनेही मारली नसतील. तो काही वर्षांनी पिवळा होऊन सुटतो आणि सुटताना शाई घेऊन जातो. पण ते असो.

मी विचारलं, “बाई, तुम्ही हे वाचत होतात?”

“निम्मे माझ्या भावाचे. निम्मे जप्त केलेले.”

हे सांगताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही. मी मात्र गठ्ठा भराभर चाळायला लागलो. कारण १९८० साली माझाही एक जप्त झाला होता. जादूगार मॅन्ड्रेकचा. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत माझं नाव, तुकडी, आणि खाली खोडरबरावर ब्लेडने कोरलेला कवटीचा शिक्का. दुकानात स्टँपपॅड हाताशी असायचं. त्या काळात मी तो शिक्का धाकट्या भावाच्या हनुवटीसकट सगळीकडे मारला होता. एकेचाळीस अंक पाहिले. माझा नव्हता. विचारायची हिंमत झाली नाही.

बाईंचं काम मात्र साध्या बांधणीचं नव्हतं. प्रत्येक अंकातून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. एका अंकात दोन, एकात पाच. म्हणाल्या, “ही पानं काढून टाक आणि मग चार खंड कर. नातीला द्यायचेत.”

नात अकरा वर्षांची, पुण्याची, सुट्टीत आलेली. तिने माळ्यावरची पेटी उघडली, दुपारभर वाचलं आणि संध्याकाळी आजीला विचारलं, “हा एकटाच गोरा का सगळ्यांना सांगतो काय करायचं? बाकीच्यांना काहीच कळत नाही का?” आजीने काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. मग मुलीचा फोन आला, की आई, हे असलं तिला वाचायला देऊ नकोस. त्या रात्री बाई चष्मा लावून बसल्या आणि पेपर तपासावेत तसे एकेचाळीस अंक तपासले.

“पन्नास वर्षं वाचत आले रे. दिसलंच नव्हतं असं नाही. पण चिठ्ठ्या लावायला बसले तेव्हा पाकीट संपलं.”

मी खरं सांगू? मला ते फार आधीपासून दिसत होतं, कारण मी काळा. गल्लीत वेताळाचा खेळ मांडला की वेताळ व्हायचा तो समोरच्या वाड्यातला गोरा, घाऱ्या डोळ्यांचा मुलगा. त्याला कुणी नेमलं नव्हतं, तसं ठरलेलंच होतं. मला कायम गुर्रन करायचे, बांदार पिग्म्यांचा मुखिया. कमरेला पोतं. वेताळाच्या मागे चालायचं आणि तो म्हणेल त्याला मान डोलवायची. त्यात एकच सुख होतं. बांदारांचे बाण विषारी, त्यामुळे माझ्या खराट्याच्या काडीला सगळे टरकून असत, तो घारा वेताळसुद्धा. त्या काडीसाठी मी रोज गुर्रन व्हायला तयार असायचो. आणि घरी येऊन पुन्हा तोच अंक वाचायचो, त्यात मी मात्र वेताळ असायचो. हे दोन्ही एकाच दिवशी होत असे आणि त्याचं काही वाटत नसे.

बाईंना मी हे सांगितलं नाही. काम समजावून सांगितलं.

त्यातला एक अंक घेतला, पिनेचे पाय चिमट्याने सरळ केले आणि पिना वर ओढल्या. गंजलेल्या पिना जोराने ओढल्या तर कागद फाटतो. आधी बोथट सुरीने खालून थोडं सैल करावं लागतं. मुखपृष्ठ बाजूला ठेवलं. आत बत्तीस पानं, म्हणजे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले. चिठ्ठी होती आठव्या पानाला. तो कागद मी बाहेर काढून टेबलावर सपाट पसरला.

डावीकडे आठवं पान. कवटीचं सिंहासन, त्यावर वेताळ, खाली गुडघे टेकलेली काळी माणसं, सगळ्यांचे चेहरे एकाच छापाचे. चित्रकाराने एकदा काढला आणि पुढे नुसता रेटला. उजवीकडे, त्याच कागदावर, पंचविसावं पान. ईडन बेट. जिथे वाघ-सिंह मासे खातात आणि हरणांच्या शेजारी झोपतात, ते बेट. एका चौकटीत वाघाच्या पाठीला टेकून एक पाडस बसलेलं, मागे निळं पाणी. छपाई थोडी सरकल्यामुळे वाघाचा पिवळा रंग रेघेबाहेर येऊन पाण्यात सांडलेला.

म्हटलं, “बाई, हे सातवं-आठवं पान काढायचं तर हे पंचविसावं-सव्विसावं सुटतं. एकच कागद आहे. आठ नि पंचवीस तेहेतीस, सात नि सव्वीस तेहेतीस. जोडपानांची बेरीज नेहमी एकूण पानांहून एक जास्त.”

गणिताच्या बाई त्या. त्यांनी दुसरा अंक ओढला, चिठ्ठी पाहिली, तोंडातल्या तोंडात बेरीज केली आणि जोडपान उघडलं. मग तिसरा. पोऱ्या चहा घेऊन आला तोवर त्या सातव्या अंकावर होत्या आणि तेवढ्यात बेरजेऐवजी वाचायला लागल्या होत्या.

“पट्टी ठेवून नुसतं अर्धं पान चिकटवता येतं,” मी म्हटलं. येतं तसं. कापलेल्या पानाची बोटभर कड शिल्लक ठेवायची आणि तिच्या आधाराने जोडपान शिवणीत धरायचं. आमच्या वडिलांनी सरकारी दफ्तरांना असं पुष्कळ केलं. पण चिठ्ठ्या होत्या शंभरावर, आणि प्रत्येक ठिकाणी गोष्ट तुटणार होती. आधीच ती कमी तुटलेली नाही. मूळच्या वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्ट्या, त्या कापून पानावर बसवलेल्या. म्हणून तर दर तिसऱ्या चौकटीत वेताळ काल काय झालं ते पुन्हा सांगतो. जागा उरली की चित्र ताणलेलं, जागा नसली की माणसाचं डोकं कापलेलं. लहानपणी कळायचं नाही. हाताला कातरकामाची सवय झाल्यावर दिसायला लागलं. एका बाबतीत तर माझाही हात आहे. सतराव्या वर्षी एका वाचनालयाचे अंक बांधताना मी कटिंग मशीनवर पाव इंच जास्त उतरवला आणि तीस अंकांतल्या संवादांची पहिली अक्षरं उडाली. वडिलांनी दोन दिवस मशीनला हात लावू दिला नाही. तेव्हापासून कॉमिक्सच्या कडा मी कापत नाही. वेड्यावाकड्या असल्या तर असू देत.

बाईंनी मान वर केली. “तुला माहितीये का, वेताळाच्या ह्या देशाचं नाव मुळात डेंकाली नव्हतं?”

ते मला माहीत होतं. अमेरिकन लेखक ली फॉकने १९३४ साली मॅन्ड्रेक आणला, १९३६ साली वेताळ. मुळात ते जंगल ‘बेंगाली’ होतं आणि सुरुवातीला आशियात कुठेतरी होतं. नंतर ते आफ्रिकेत सरकलं. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी सुरू केलं, तेव्हा आपल्याकडच्या वाचकाला बंगाल वाटेल म्हणून त्याचं डेंकाली केलं. समुद्री लुटारूंची टोळी मुळात ‘सिंग’ होती, तिचं ‘सिंगा’ झालं. एका खुन्याचं नाव ‘रामा’ होतं, त्याचं ‘रामालू’.

“म्हणजे बघ,” बाई म्हणाल्या, “आपल्याला बोचेल तेवढं बरोब्बर काढलं. दुसऱ्याला बोचेल ते तसंच ठेवलं. आणि आता मीही तेच करायला निघाले. नातीला बोचलं म्हणून काढ.”

ह्यावर काय बोलणार? मी पिना गोळा करत बसलो.

मग त्यांनी लोथारचा विषय काढला. मॅन्ड्रेकचा सोबती, ताकदीचा डोंगर, स्वतः आफ्रिकेतल्या टोळ्यांचा राजपुत्र. तरी सुरुवातीच्या काळात अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर तुर्की टोपी आणि बोलणं तुटक. साठीच्या दशकात नव्या चित्रकाराने त्याला धड कपडे आणि धड भाषा दिली. बाईंना हे जुने-नवे लोथार वर्गातल्या दोन मुलांसारखे वेगवेगळे ओळखता येत होते. “राज्य सोडून ह्या जादूगाराच्या मागे का हिंडतो, हे मला कधी पटलं नाही,” म्हणाल्या. “पण तो दाराशी उभा आहे म्हटल्यावर मला रात्री झोप लागायची.”

आणि वेताळाची डायना? संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी बाई, दर चार अंकांनी कुणीतरी पळवून नेतं. बाईंनी तिच्यासाठी वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. त्या पुरल्या नाहीत म्हणून पुढच्या अंकांत पिवळ्याच लावल्या.

आबिद सुरतींच्या बहादूरला मात्र एकही चिठ्ठी नव्हती. १९७६ सालचा, भगवा कुर्ता, जीन्स. डाकूचा मुलगा डाकूंविरुद्ध उभा राहतो. मला तो काढून दाखवायचा मोह झाला, की बघा, ह्यात तुमचं काही सापडलं नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर बहादूर मी कधी दोनदा वाचला नाही. चंबळ आमच्याच प्रदेशातली. मोरेना-भिंडचे पाहुणे आले की डाकूंच्या गोष्टी जेवताना फुकट ऐकायला मिळायच्या. कवटीची गुहा कुठे मिळणार?

साडेबारा वाजले. पुढे तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि एका शाळेचा शिपाई रजिस्टरांसाठी दोनदा फोन करून गेला होता. बाई स्टुलावर बसून एक अख्खा अंक संपवत होत्या. चौकटीवर बोट ठेवून, ओठ हलवत. वर्गात असं बोट ठेवून वाचलं की त्या पट्टी आपटायच्या.

अंक मिटून म्हणाल्या, “कोरी पानं घालता येतील मध्ये?”

येतात. औषधांच्या, कायद्याच्या पुस्तकांत लोक घालून घेत असत, टिपणं लिहायला. अंकाच्या आकाराचा कागद, दर चिठ्ठीपाशी एक, शिवणीत धरायचा. खंड थोडा फुगतो, पण पाठ गोल केली की बसतो.

“मग घाल. चिठ्ठीच्या समोर कोरं पान. मी लिहीन माझं, ती लिहील तिचं.”

“लाल पेनने?” मी विचारलं. एवढं धाडस चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

“तर काय निळ्या?”

भाव ठरवताना त्यांनी घासाघीस केली नाही, उलट दोनशे रुपये वर ठेवले आणि जुजबंदीच, म्हणजे दोऱ्याची शिवणच हवी, पिना नकोत, खळीत मोरचूद घाल, नाहीतर कसर लागते, असं सगळं मलाच शिकवून रिक्षाकडे निघाल्या. पायरीवर मी विचारलंच. “बाई, माझा एक जप्त केला होता तुम्ही. मॅन्ड्रेकचा. तो ह्यात नाही.”

त्यांनी एका क्षणात उत्तर दिलं. “तुझा परत दिला होता. पालकसभेला. तुझ्या आईकडे.”

दुपारी काम काही झालं नाही. पोऱ्याला शिवायला बसवलं तर तो दाभण हातात धरून वाचत होता, हिंदीतला एक, ‘चलता-फिरता प्रेत’ मोठ्याने म्हणत. मी रागावलो नाही. कारण त्याच्या मागे उभा राहून मीही वाचत होतो.

रात्री जेवताना आईला विचारलं. आई एकोणऐंशीची, दृष्टी गेल्यात जमा, आठवण मात्र लख्ख.

“दिला होता खरा बाईंनी,” ती म्हणाली.

“मग मला का नाही दिलास?”

“परीक्षा होती तुझी. मी वाचला. बरा होता. मग डब्यांच्या फळीवर अंथरला. कागद चांगला होता, चित्राची बाजू वर ठेवली.” तिने ताकाचा पेला चाचपून घेतला. “डाळीचा डबा उचलला की तो राजपुत्र दिसायचा. धिप्पाड. काय रे नाव त्याचं?”

“लोथार,” मी म्हटलं.