तुम्ही विचारलंत म्हणून : अंबैच का?

आमच्या वाचनकट्ट्यावर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच, "मराठीत इतक्या चांगल्या लेखिका असताना, आणि तुम्हाला तमिळ येत नसताना, सारखं त्या अंबैचं काय घेऊन बसता?" तिथे वेळ नसतो, उत्तर अर्धवट राहतं. आज नीट सांगते.

टाचांपासून सुरू करते. अंबै या तमिळ कथालेखिका. त्यांची एक कथा आहे, 'वीट्टिन मूलैयिल ओरु समैयलरै', म्हणजे घराच्या कोपऱ्यातलं एक स्वयंपाकघर. कथा घडते राजस्थानात, अजमेरला. खोलीला खोली जोडत वाढलेलं ऐसपैस घर, आणि शेवटी उरल्यासुरल्या जागेत कसंबसं बसवलेलं स्वयंपाकघर. नळाखालचं बेसिन एवढंसं, की मोठं ताटसुद्धा मावू नये. नळ सोडला की पाणी पायाशी साचतं आणि त्यात उभं राहून राहून बायकांच्या टाचा फुटतात.

एवढं वाचलं आणि पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. माझं माहेर राजापूरकडचं. आमच्याकडेही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती, आणि तिथलं पाणी वाहून जायच्या आधी जमिनीवर पसरायचं. रात्री सगळं आवरलं की आई चुलीच्या निखाऱ्यांपाशी बसायची, कोकमाचं मुठेल पळीत वितळवायची आणि गरम गरम भेगांत भरायची. पावसाळ्यात भेगांतून रक्त यायचं. ती दातांवर दात दाबायची, पण आवाज करायची नाही, कारण ओटीवर पुरुषमाणसं झोपलेली असायची. हे मी वर्षानुवर्षं बघितलं आणि समजत राहिले की आईचे पायच तसले. मोरीला उतार नव्हता, एवढी साधी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर एका तमिळ लेखिकेनं दाखवली.

त्या कथेत मीनाक्षी नावाची दक्षिणेकडची सून आहे. स्वयंपाकघराच्या खिडक्यांबाहेर हिरवे डोंगर आहेत. ती सासऱ्यांना सुचवते, बाहेरचा व्हरांडा वाढवूया, भांडी घासायला मोठं बेसिन बसवूया. तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, आणि काही दिवसांनी त्या व्हरांड्यात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ताणल्या जातात. ओल्या साड्यांआड डोंगर दिसेनासे होतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मी बोरिवली पूर्वेला राहते. आमच्या स्वयंपाकघराच्या ड्राय बाल्कनीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात, म्हणजे टॉवेल आणि चादरी काढल्या तर दिसतात. त्या कथेनंतर मी दोऱ्या हॉलच्या खिडकीत हलवल्या. घरात दोन दिवस धुसफूस झाली, पण दोऱ्या तिथेच आहेत.

पण याच कथेत जीजी आहे, म्हणजे मीनाक्षीची सासू. तिला स्वयंपाकघर म्हणजे तुरुंग वाटत नाही. ते तिचं राज्य आहे. कुणाला काय वाढायचं, केव्हा वाढायचं, ही तिची सत्ता. अंबै त्या सत्तेला हसत नाहीत. जीजीनं आयुष्यभर काय कमावलं ते आदरानं दाखवतात आणि मगच, ती आजारी पडल्यावर, मीनाक्षीच्या तोंडून तिला हे सगळं उतरवून ठेवायला सांगतात. मला वाटतं, इथेच त्या मोठ्या लेखिका ठरतात. बाईला बिचारी करून टाकणं सोपं असतं.

दुसरी कथा 'अम्मा ओरु कोलै सेय्दाळ', म्हणजे आईनं एक खून केला. सावळ्या रंगाच्या मुलीला पहिल्यांदा पाळी येते, तेव्हा आई परगावी गेलेली असते. मुलगी आईची वाट बघत राहते. आई आली की सगळं ठीक होईल. आई येते ती भाचीला रंगावरून नकार मिळाल्याचं दुःख घेऊन, आणि मुलीवरच करवादते की तुला आत्ताच कसली घाई होती, हे आणखी एक ओझं. संपलं. रक्ताचा थेंब न सांडता झालेला हा खून आहे. हिच्याबद्दल मी कट्ट्यावर बोलू शकत नाही, माझा आवाज जातो.

आता बाईंबद्दल. खरं नाव सी. एस. लक्ष्मी. जन्म 1944 चा, कोईमतूरचा. वाढल्या बंगळुरात आणि मुंबईत, पीएच. डी. केली दिल्लीच्या जेएनयूत, आणि कित्येक दशकं राहतात आपल्या मुंबईत. संशोधन इंग्रजीत, स्वतःच्या नावानं. कथा मात्र तमिळमध्येच, अंबै या नावानं. आयुष्याचा मोठा भाग तमिळनाडूबाहेर काढूनही कथेची भाषा सोडली नाही. त्यांच्या एका पुस्तकातली सुधा गुप्ता नावाची गुप्तहेर अंधेरीच्या पुलावर भेटते, आणि तिच्या ओळखीतला इन्स्पेक्टर शेळके आडनावाचा आहे. म्हणजे ज्या पुलावरून आपण धावत गाडी पकडतो, तो तमिळ साहित्यात कधीच जाऊन बसलाय, आणि आपल्याला पत्ता नाही. 2021 चा तमिळसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या कथासंग्रहाला मिळाला, तेव्हाही माझ्या ओळखीच्या कुणाला ही बाई मुंबईची आहे हे ठाऊक नव्हतं.

'अणिल', म्हणजे खार, ही त्यांची कथा एका ग्रंथालयातली आहे. वरच्या मजल्यावर बायकांनी लिहिलेली जुनी, पानं तुटत चाललेली पुस्तकं आणि मासिकं आहेत. ती वाचायला येणारी एक संशोधक आणि एक खार, एवढ्याच तिथे जिवंत. आणि ती पुस्तकं जाळून टाकायचं ठरतं. ही कथा लिहिणाऱ्या बाईनं 1988 मध्ये नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज या स्त्री-अभ्यासकांसोबत मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था उभी केली. बायकांचे आवाज, फोटो, पत्रं, आठवणी जपून ठेवणारी. गायिका आणि नर्तकींना तासन् तास बोलतं करून ते नोंदवून ठेवलं. नुसतं हळहळून त्या थांबल्या नाहीत, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त जिव्हाळा.

भाषेचं म्हणाल, तर मी त्यांना वाचते लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांच्या इंग्रजी अनुवादातून. काहीतरी निसटत असणार हे मान्य. पण टाचा निसटल्या नाहीत.

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते. आई आता ब्याऐंशीची आहे. ती पडवीत बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होती. मी ती स्वयंपाकघराची कथा समोर धरली आणि एकेक वाक्य मनात मराठी करत तिला वाचून दाखवली. पायाशी पाणी साचतं, टाचा फुटतात, तिथे आले तेव्हा तिचा हात थांबला.

"मग?" ती म्हणाली, "तिकडे मुठेल मिळत नाही गो?"

मी म्हटलं, "नसेल मिळत."

तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. "पुढे वाच," म्हणाली.