सरांचा 'च'

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मला आधी आठवला तो 'ओन्ली'. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं 2000 साली. त्यामुळं आमचं इंग्रजी मराठीच्या मापानं बेतलेलं. आठवीत इंग्रजीच्या सरांनी विचारलं, गृहपाठ कधी दाखवणार? मी ताडकन म्हणालो, "टुमारो ओन्ली, सर!" कुणी हसलं नाही, कारण कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सर तेवढे हसले. "लेका, हा ओन्ली नव्हं, हा आपला 'च' हाय. 'उद्याच' म्हणायचं तर टुमारो म्हण आणि जोर दे. बास."

मग फळ्यावर बाळू अवतरला. 'ओन्ली बाळू एट मिसळ ॲट बिंदू चौक', म्हणजे खाल्ली ती बाळूनंच, बाकीचे उपाशी. 'बाळू एट ओन्ली मिसळ', म्हणजे मिसळच खाल्ली, पाव तसाच. ओन्ली आणखी मागं सरकवून 'ॲट'च्या आधी ठेवला, की बिंदू चौकातच, दुसरीकडं नाही. 'च' शब्दाच्या शेपटाला चिकटतो, ओन्ली शब्दाच्या पुढ्यात उभा राहतो, एवढं त्या तासाला डोक्यात बसलं. शिवाय 'मी येणारच' मधल्या 'च'ला ओन्ली चालत नाही, तिथं निश्चय आहे, हेही.

सर प्रामाणिक होते. म्हणाले, इंग्रज माणूस बोलताना ओन्ली बहुतेक वेळा क्रियापदाआधीच टाकतो आणि कशावर जोर आहे ते आवाजानं दाखवतो. मागच्या बाकावरनं प्रश्न आला, "मग आम्हालाच का छळताय?" सर म्हणाले, "पेपरात तुझा आवाज ऐकू येतोय व्हय?"

मी वकील झालो. 2025 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तसे ऑफिसात इंग्रजी मसुदे वाढले. परवा एका भाडेकराराच्या मसुद्यात ज्युनिअरनं लिहिलं होतं, 'भाडेकरू शॅल ओन्ली यूज द फ्रंट रूम फॉर स्टोअरेज'. म्हणजे माल ठेवायला पुढची खोली सोडून दुसरी वापरायची नाही, की पुढच्या खोलीत माल ठेवण्यापलीकडं काही करायचं नाही? भांडण लागलं तर दोन्ही बाजूंचे वकील या एका शब्दावर वर्षभर जगतील. (मला तसा तोटा नव्हता, पण अशील आमचंच होतं.)

दुरुस्त करून कधी देणार, म्हणून विचारलं.

"टुमारो ओन्ली, सर."

मसुदा आला चौथ्या दिवशी.