हिंगणघाटचा मोजणीदार फिनलंडात

रात्रीचे दहा वाजले तरी हेलसिंकीत ऊन! जाड पडदा ओढला, तरी झोप येईना. 2017 चा मे संपत आला होता आणि सकाळपासून 'फिग'चा, म्हणजे भूमापकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, कार्यसप्ताह सुरू होणार होता. हा महासंघ 1878 सालचा, पॅरिसमध्ये सात संघटनांनी मिळून काढलेला.

प्रदर्शनाबद्दल फार लिहीत नाही. ड्रोन, लेझर स्कॅनर, चकाचक स्टॉल, फुकटची पेनं. पेनं मीही घेतली.

खरी गंमत जेवणाच्या टेबलावर. एक फिनिश मोजणीदार सांगत होता, त्यांच्याकडे हद्दीचा वाद निघाला की मोजणी अधिकारी आणि नगरपालिकेनं निवडलेली दोन विश्वासू माणसं मिळून निकालच देतात. पटला नाही तर जमीन-न्यायालयात अपील. मी म्हटलं, पंच आमच्याकडेही असतात, पण पंचनाम्यावर सही करण्यापुरते. आम्ही हद्द दाखवायची, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत द्यायची. पुढे दावा नातवंडांपर्यंत चालतो. शेजारचा घानाचा माणूस इतका वेळ गप्प होता. त्यानं हळूच विचारलं, "तुमच्याकडेही रात्रीतून दगड सरकतात?" बांध कोरणं म्हणजे काय, हे त्याला समजावण्यात माझी कॉफी गार झाली.

परिषद संपल्यावर रात्रीच्या गाडीनं केमी आणि तिथून बसनं स्वीडनच्या सीमेवरचं टोर्निओ गाठलं. बायको फोनवर म्हणाली, "अहो, एवढ्या लांब जाऊन चर्च बघणार?"

हो, चर्चच. इथल्या अलाटोर्निओच्या चर्चचा मनोरा हा खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हच्या कंसाचा, म्हणजे त्यानं मोजवलेल्या लांबलचक रेषेचा, एक बिंदू. नॉर्वेतल्या हॅमरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंत 2,820 किलोमीटर, 1816 ते 1855, त्रिकोणाला त्रिकोण जोडत पृथ्वीचा आकार काढला. आज ही रेषा दहा देशांतून जाते. तिच्यावरचे 34 बिंदू 2005 पासून जागतिक वारसा आहेत. त्याच्याही आधी, 1736 मध्ये, मोपर्त्युईच्या फ्रेंच चमूनं याच टोर्निओ नदीच्या खोऱ्यात मोजणी केली आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे हे दाखवून दिलं. त्यांनी पायारेषा, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची त्रिकोणाची पहिली बाजू, मोजली ती डिसेंबरात, गोठलेल्या नदीवर! एप्रिलच्या वर्ध्यात साखळी ओढलेल्या मला त्यांची कीव करावी की हेवा, कळेना.

मनोऱ्याखाली उभा होतो, पण डोळ्यांसमोर आमच्या गावातली लॅम्बटन या इंग्रज मोजणीदाराची कबर. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून निघालेला हा माणूस भारताचा कंस मोजत वर सरकत राहिला आणि 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटात वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. तेव्हा इकडे स्ट्रूव्हचे त्रिकोण चालूच होते. आणि मी? मोजणी खात्यात लागेपर्यंत ती कबर कुणा गोऱ्या साहेबाची, एवढंच मला ठाऊक.

संध्याकाळी पूल ओलांडून पायीच स्वीडनच्या हॅपारांडात गेलो. कुणी अडवलं नाही, फक्त घड्याळ एक तास मागं. सवयीनं हद्दीचा दगड शोधत राहिलो आणि परतीची बस चुकली.