एचपी तेवढीच, मग बोटीच्या पंख्याचा जोर वेगळा कसा?

टॉर्क म्हणजे शाफ्टला बसणारा पीळ, आणि हॉर्सपॉवर (एचपी) म्हणजे तो पीळ किती वेगाने दिला जातो त्याचा हिशेब. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणायचं, ९५४९ने भागायचं, की किलोवॅट मिळतात. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट.

आता ६० एचपीची, ५,५०० आरपीएमला पूर्ण ताकद देणारी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) घ्या. क्रँकशाफ्टवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावर) टॉर्क साधारण ७८ न्यूटन-मीटर. पण पंखा क्रँकशाफ्टला थेट जोडलेला नसतो, मध्ये गिअर असतात. गिअर रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे, १.८३ असेल तर पंखा ३,००० आरपीएमने फिरतो आणि त्याला सुमारे १४२ न्यूटन-मीटर मिळतात. तोच रेशो २.३३ केला की पंख्याचा वेग २,३६० वर येतो, टॉर्क १८१ वर जातो. गिअरमधली थोडी घट सोडली तर एचपी दोन्हीकडे तेवढीच. म्हणून नुसता क्रँकशाफ्टचा टॉर्क बघून मोटर निवडू नये.

मोठ्या रेशोची मोटर जास्त व्यासाचा पंखा सावकाश फिरवते. जड, भरलेल्या बोटीला तो फायद्याचा. हलक्या, वेगवान बोटीवर मात्र मोठ्या गिअरकेसचा (गिअर असलेल्या, पाण्यात बुडालेल्या डब्याचा) पाण्यातला अडथळाच जास्त जाणवतो.

टॉर्कची खरी परीक्षा बोट वेग घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाताना होते. एरवी पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात बदलते: फेरे निम्मे केले की ताकद आठव्या हिश्श्यावर. पण नाक वर, मागचा भाग खाली, अशा अवस्थेत बोटीचा विरोध एकदम वाढतो आणि इंजिन अजून मधल्या आरपीएमलाच असतं. तिथे शिल्लक टॉर्क नसेल तर बोट तशीच पाणी ढकलत राहते. वरची एचपी कितीही असो, तिथपर्यंत इंजिन पोचतच नाही.

असं होत असेल तर आधी पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) तपासा. नेहमीचं वजन आणि इंधन भरून, ट्रिम (मोटरचा कल) नीट लावून पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. कंपनीने ५,००० ते ६,००० सांगितलंय आणि १७ इंच पिचवर ४,८०० च मिळतायत, तर पिच जास्त आहे. एक इंच कमी केल्यावर साधारण २०० फेरे वाढतात. १५ इंचावर ५,२०० च्या आसपास, १३ वर ५,६०० च्या. जड बोटीसाठी मी वरच्या टोकाजवळचा आकडा पसंत करेन. जास्त पिचवर इंजिन दबून चालतं, कार्बन धरतं, नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) झालं तर पिस्टनलाही धोका. पिच फारच कमी केली तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, हेही तितकंच वाईट.

नवा पंखा घेण्याआधी तळावरचं शेवाळ खरवडा, थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का ते पाहा. उलट आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असं असेल तर पंख्याच्या हबमधलं (मधल्या भागातलं) रबर घसरतंय का, किंवा मोटर फार उंच बसवल्याने पंखा हवा ओढतोय का, ते आधी बघा. तो दोष पिच बदलून जात नाही.