आमचे दोन ससे आता घरभर मोकळे असतात (माझा अनुभव)

आमचं कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, घरात आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. संक्रांतीच्या आठवड्यात लेकीच्या हट्टापायी दोन महिन्यांचे दोन ससे आले, म्हणून नावं तीळ आणि गूळ. दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा. सोबत लोखंडी पिंजराही गळ्यात मारला, तो गॅलरीत ठेवला आणि आम्हाला वाटलं झालं काम.

महिन्याभरात गूळच्या मागच्या पायांच्या तळव्यांवरचे केस जाऊन कातडी लालभडक दिसायला लागली. जवळचे डॉक्टर म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो, मग चौकशी करत पार शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मॅडम सापडल्या. त्यांनी सांगितलं की सशाच्या पायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, पिंजऱ्याच्या जाळीवर दिवसभर उभं राहून हे असंच होणार, त्यांना बाहेर काढा. आणि गूळला उलटं धरून म्हणाल्या, "अहो मादी कुठली, हा चांगला नर आहे!" माझ्या पोटात गोळाच आला. ससा 31 दिवसांत वितो आणि व्याली की त्याच दिवशी परत गाभण राहू शकते म्हणे. तीळ अजून लहान होती म्हणून वाचलो.

त्याच दिवशी दोघांना वेगळं केलं. चौथ्या महिन्यात गूळचं नसबंदीचं ऑपरेशन. मी आपलं माणसांसारखं आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायच्या तयारीत होते, मॅडम म्हणाल्या अजिबात नको, सशाला उलटी होतच नाही, सकाळपर्यंत खाऊ दे, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. ससा 12 तास काही खात नसेल तर थेट दवाखाना गाठायचा, हे तेव्हापासून फ्रिजवर लिहून ठेवलंय. ऑपरेशननंतरही नर काही आठवडे बाप होऊ शकतो, म्हणून सहा आठवडे गूळ हॉलमध्ये आणि तीळ बेडरूममध्ये, मधल्या दाराच्या फटीतून दोघं नाकाला नाक लावून बसायचे. तीळचंही जूनमध्ये केलं, कारण माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर खूप कॉमन आहे. खर्च झाला, पण जागोजागी मुतून हद्द आखणं त्यानंतरच बंद झालं, त्यामुळे कोणी विचारलं तर मी सांगते आधी ऑपरेशन मग मोकळं सोडणं.

आता शी-शूचं. मी हौसेने ट्रे बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला, दोघांनी ढुंकून पाहिलं नाही, दिवाणाशेजारचाच कोपरा धरला. आठवडाभर मी उचलून उचलून बाथरूममध्ये नेऊन सोडतेय आणि ते उड्या मारत परत दिवाणाशी. शेवटी आई (सासूबाई) म्हणाल्या, "अगं त्यांनी जागा ठरवलीय ना, तूच तुझं घमेलं तिकडे ने की." नेलं. खाली पेपर, वर लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) आणि एका बाजूला गवताचा ढीग, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, तोंडासमोर गवत असलं की तिथून हलत नाही. मांजराची गोळा होणारी माती मात्र वापरू नका, खाल्ली तर पोटात गच्च बसते. पहाटे ते जे चकचकीत द्राक्षाच्या घोसासारखं टाकतात आणि लगेच खाऊन टाकतात ते बघून आईंनी दोन दिवस नाकाला पदर लावला होता, पण ते त्यांना लागतंच, आडवू नये.

फरशीवर लघवीचे चुन्यासारखे पांढरे डाग पडायचे, व्हिनेगरनेच निघतात. का पडतात तर मी रोज मोठ्या अभिमानाने लसूणघासाची पेंढी आणत होते, त्यात कॅल्शियम भरपूर, पिल्लांना चालतं, मोठ्यांना नको. आता टिमोथीचं वाळलं गवत ऑनलाइन मागवते, खिशाला चटका बसतो, पण दात आयुष्यभर वाढत राहतात ते झिजायला गवतच हवं. वर मंडईतून दुर्वा, धुऊन. गणपतीला 21 आणि ह्यांना जुड्याच्या जुड्या. येणारा प्रत्येक पाहुणा गाजर आणतो, ते लेक खाते, ह्यांना एखादी चकती.

वायरींचं काय सांगू. नवऱ्याचा ऑफिसचा कॉल चालू असताना नेट गेलं, कंपनीला फोन करून तो तावातावाने भांडला, आणि मग मला सोफ्यामागे राउटरची वायर दिसली, कात्रीने कापावी तशी तिरकी, स्वच्छ. शेजारी गूळ मिशा पुसत बसलेला. त्यानंतर बागेचा पाइप उभा चिरून त्यात सगळ्या वायरी घातल्या, उरलेल्यांवर हार्डवेअरच्या दुकानातून केसिंग पट्टी आणून ठोकली. मनी प्लँट विषारी, तो वर टांगला. फरशी गुळगुळीत, पाय फाकायचे, म्हणून हॉलभर जुन्या सुती सतरंज्या.

उन्हाळा अवघड गेला. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून जाते, 30 च्या वर पारा गेला की तो धापा टाकतो आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये 40. मी बाटल्यांत पाण्याचा बर्फ करून नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवायचे, त्यांनी मात्र माठाच्या तिवईखालची पाझरणारी ओली फरशी शोधली, दुपारभर दोघं तिथे लोळलेले, कान पसरून. पावसाळ्यात संध्याकाळी ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की तीळ मागचा पाय दिवाणावर असा आपटायची की खालच्या काकूंनी फोन करून विचारलं, वर काही काम काढलंय का?

स्वयंपाकघर मात्र बंद होतं, कारण कांद्याची टोपली जमिनीवर असते आणि कांदा-लसूण सशाला चालत नाही. दारात दीड फुटाची प्लायवुडची फळी आडवी लावली. आई गुडघा धरून रोज ओलांडायच्या आणि कुरकुरायच्या, "म्हणजे मी उड्या मारायच्या आणि सशांनी आराम करायचा." गेल्या आठवड्यात पहाटे पाणी प्यायला उठले तर तीळ फळी ओलांडून ओट्याखाली, आईंनी निवडून ठेवलेल्या मेथीच्या ढिगात बसलेली. कांद्याला तोंड लावलं नव्हतं, तरी मी दिवसभर लेंड्या मोजल्या. संध्याकाळी आईंनीच कांद्याची टोपली ओट्यावर चढवली आणि फळी काढून गॅलरीत त्या रिकाम्या पिंजऱ्यावर टाकली, त्यावर आता पापड वाळतात.